इमॅटिनिब आणि थायरॉक्सिन दोन्ही चालू आहेत: थकवा नेमका कशाचा?

काळी_माती:

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. गलगंड वाढल्यामुळे माझी थायरॉईड ग्रंथी बऱ्याच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून पूर्ण काढलेली आहे आणि तेव्हापासून पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे त्या ग्रंथीत तयार होणाऱ्या संप्रेरकाची, गोळी घेणे अंगवळणी पडले आहे. पुढे डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवू लागला, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटू लागले आणि तपासणीत पानथरी वाढल्याचे व पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्याचे आढळले. निदान झाले क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, ज्याला डॉक्टर थोडक्यात सीएमएल म्हणतात.

ज्यांच्या घरी हे नाव नव्याने आले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले जातात. बाविसाव्या गुणसूत्राचे आखूड झालेले रूप १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडले, म्हणून अहवालात फिलाडेल्फिया हे नाव दिसते. ही अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये जेनेट राउली यांनी दाखवले. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचा जनुक तयार होतो आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवत राहतो. त्यालाच रोखणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ पासून मिळू लागली, आणि एकेकाळी ज्यांना काही वर्षांचीच मुदत सांगितली जाई ते रुग्ण आज नोकरी, शेती, संसार सांभाळत आहेत. हा आजार आईबापांकडून येत नाही आणि मुलांना जात नाही, हेही येथे स्पष्टपणे लिहिते, कारण आमच्या गावात माझ्या मुलीच्या सोयरिकीची चिंता माझ्या आजाराच्या चिंतेआधी सुरू झाली होती.

आता मूळ विषयाकडे येते. इमॅटिनिब सुरू झाल्यावर काही महिन्यांत पेशींचे आकडे उत्तम खाली आले, पानथरी उतरली आणि सगळे निश्चिंत झाले. माझी तब्येत मात्र घसरत गेली. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज असे. फळ्यावर चार ओळी लिहिताना दंड भरून येत आणि हात खाली घ्यावा लागे. आवाज घोगरा झाला. बांगड्या मनगटावर रुतू लागल्या, शौचास साफ होईना, आणि एप्रिलमध्ये, जेव्हा आमच्याकडे दुपारी अंगणात पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा मी पंख्याखाली शाल पांघरून बसत होते. घरचे म्हणत, एवढे मोठे दुखणे आहे, थकवा येणारच. शेजारपाजारचे म्हणत, गोळी गरम पडली. जेथे उपचार चालू आहेत तेथे विचारले तेव्हा या गोळीने सूज आणि थकवा येतो असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर चुकीचेही नव्हते. फक्त ते अपुरे होते.

शेवटी यवतमाळच्या एका फिजिशियनांनी गळ्यावरचा जुना व्रण पाहिला आणि टीएसएच, म्हणजे शरीराला थायरॉक्सिन कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक, तपासायला सांगितले. ते सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. थायरॉक्सिनची गोळी एक दिवसही न चुकवता हे झाले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितले की इमॅटिनिब घेणाऱ्या आणि थायरॉईड ग्रंथी काढलेल्या रुग्णांमध्ये थायरॉक्सिनची गरज वाढते. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००५ मध्ये हे नोंदवले होते: ज्यांची ग्रंथी काढलेली होती त्यांचे टीएसएच वाढले, ज्यांची जागेवर होती त्यांचे वाढले नाही. यकृतात थायरॉक्सिन लवकर खर्ची पडते असा त्यामागचा अंदाज आहे. माझा थायरॉक्सिनचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवला आणि शाल पेटीत गेली. सूज पूर्ण गेली नाही. जी उरली आहे ती इमॅटिनिबची आहे, आणि ती मी सहन करू शकते.

हा धागा काढण्याचे कारण एवढेच की घरात मोठा आजार आला की लहान आजाराची वही मिटली जाते. रक्ताच्या कर्करोगाची औषधे घेणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः ज्याला आधीपासून थायरॉईडचा त्रास आहे त्याने, थकव्याला कर्करोगाचे नाव देऊन मोकळे होण्याआधी टीएसएच तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यापैकी कोणाला असे दोन्ही आजार सोबत सांभाळावे लागत असतील तर औषधांच्या वेळा, तपासण्या आणि खाणेपिणे यांची घडी कशी बसवली आहे, ते कृपया सविस्तर लिहावे.

वर्धा_नदीकाठ:

मॅडम, आपण हा विषय मांडला याबद्दल आभार. माझे वडील आर्वी भागात शेती करतात. त्यांना मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. सुरुवात कंबरदुखीने झाली आणि बराच काळ ते डवरणीच्या कामाचे दुखणे समजले गेले. त्यांना बोर्टेझोमिबची इंजेक्शने, डेक्सामेथासोन आणि आधी थॅलिडोमाइड, नंतर लेनालिडोमाइड अशी औषधे मिळाली.

त्यांना पूर्वी थायरॉईडचा कोणताही त्रास नव्हता. थॅलिडोमाइड चालू असताना बद्धकोष्ठता एवढी वाढली की माणूस जेवणाला घाबरू लागला. त्या औषधाने बद्धकोष्ठता होतेच, हे आम्हाला सांगितलेले होते, म्हणून आम्ही इसबगोलावर दिवस काढले. मग ते दिवसभर झोपू लागले, बोलणे संथ झाले आणि नाडी मंद लागू लागली, तेव्हा टीएसएच तपासले गेले. थॅलिडोमाइड आणि लेनालिडोमाइड या दोन्ही औषधांनी थायरॉईड मंदावू शकते, त्यामुळे लेनालिडोमाइड सुरू करण्यापूर्वी आणि चालू असताना थायरॉईडची तपासणी करावी असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते, हे आम्हाला नंतर समजले. आता दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीत टीएसएच जोडून घेतलेले आहे.

वडिलांना गोळ्यांची नावे लक्षात राहत नाहीत. आईने गोळ्यांच्या पाकिटांवर रंगीत दोरे बांधले आहेत: पांढरा दोरा म्हणजे उठल्याबरोबर, पिवळा म्हणजे भाकर खाल्ल्यावर, काळा म्हणजे झोपताना. आई शाळेत गेलेली नाही, पण तिच्या हातून एक गोळी चुकलेली नाही.

फार्मसीवाला:

मी यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, परंतु दुकानाच्या काउंटरवरून जे रोज दिसते ते लिहितो.

थायरॉक्सिन ही ऊष्णता, ओल आणि प्रकाश यांनी लवकर खराब होणारी गोळी आहे. कोणत्या तापमानाखाली ठेवावी ते डबीवर छापलेले असते, आणि आपल्याकडे मार्च ते जून या काळात टिनाच्या छपराखाली त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. डबी खिडकीत, चुलीजवळच्या कोनाड्यात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. काही जण ती माठाला टेकवून ठेवतात. तेथे गारवा मिळतो पण ओलही लागते. घरातील सर्वांत आतल्या खोलीत, खालच्या फडताळात, घट्ट झाकणाच्या डबीत ती ठेवणे बरे. मोठी डबी घेण्याऐवजी उन्हाळ्यात महिन्यापुरतीच न्यावी.

दुसरे, थायरॉक्सिनची कंपनी वरचेवर बदलू नये. बदलावी लागलीच, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे. या औषधाचा शरीरातील अंमल हळूहळू उतरतो व चढतो, त्यामुळे दहा-बारा दिवसांत केलेल्या तपासणीवरून काहीच ठरवता येत नाही आणि पैसे मात्र जातात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इमॅटिनिबने मळमळ आणि जळजळ होते, म्हणून रुग्ण माझ्याकडे ॲसिडिटीची गोळी किंवा पातळ औषध मागतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ औषध, सुक्रालफेट, कॅल्शियम आणि लोह यांच्यामुळे थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषले जात नाही. त्यात किमान चार तासांचे अंतर हवे. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या पोटातील आम्लच कमी करतात, त्यानेही शोषण घटते. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर घेतलेले औषध दुसऱ्या गोळीला निकामी करते, आणि रुग्णाला वाटते की आपण सगळी औषधे वेळेवर घेत आहोत. ॲसिडिटीचे औषध मागताना थायरॉईडची गोळी चालू असल्याचे दुकानदाराला अवश्य सांगावे.

केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी ते टीएसएचच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे अहवाल चुकीचा येतो.

इमॅटिनिबच्या किमतीविषयी एक ओळ लिहितो. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा मूळ कंपनीचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. खेड्यातला माणूस आज ही गोळी वर्षानुवर्षे घेऊ शकतो त्यामागे तो निकाल आहे, असे मला मनापासून वाटते.

आंबिया_बहार:

आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे आणि माझ्या मोठ्या भावाला इमॅटिनिब चालू आहे. कोणीतरी सांगितले की या गोळीवर संत्री अजिबात खायची नाहीत. बाग असलेल्या घरात हा नियम पाळणे फार जड जाते. यात तथ्य आहे काय?

ग्रामीण_रुग्णालय:

मी चंद्रपूर जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी आहे. आधी संत्र्याचे सांगतो. टाळायचे फळ म्हणजे ग्रेपफ्रूट, आणि त्याच्या जवळचे पपनस. त्यांतील काही घटक यकृतातील एका विकराला अडवतात, त्यामुळे इमॅटिनिब रक्तात जास्त साचते. आपले नागपुरी संत्रे त्यात मोडत नाही. भाऊंनी ते खावे. फक्त पहाटेच्या थायरॉक्सिनसोबत रस घेऊ नये, ती गोळी साध्या पाण्यासोबतच घ्यायची असते.

आता मूळ प्रश्न. थकवा, वजन वाढणे, पायात गोळे येणे, सूज, कोरडी त्वचा, रक्त कमी असणे ही लक्षणे थायरॉईड मंदावल्यानेही होतात आणि इमॅटिनिबनेही होतात. पाहून फरक ओळखण्याचा प्रयत्न अनुभवी डॉक्टरही करतात: थंडी सहन न होणे, आवाज बसणे, नाडी मंद होणे, बोट दाबले तरी खड्डा न पडणारी सूज या गोष्टी थायरॉईडकडे बोट दाखवतात, तर सकाळी पापण्यांवर येणारी आणि पायावर दाबल्यास खड्डा पडणारी सूज गोळीची असण्याचा संभव जास्त. पण दोन्ही एकाच वेळी असतील तेव्हा ही पारख उपयोगाची राहत नाही. टीएसएच ही तपासणी आता तालुक्याच्या ठिकाणीही होते. ती करून घ्यावी, अंदाज बांधू नये.

सीएमएलमध्ये दिली जाणारी सगळी औषधे एकसारखी नाहीत. ज्यांची ग्रंथी शाबूत आहे त्यांच्यात इमॅटिनिबचा थायरॉईडवर सहसा परिणाम दिसत नाही. निलोटिनिब आणि डॅसॅटिनिब या पुढच्या पिढीच्या औषधांत मात्र थायरॉईड मंदावणे किंवा काही काळ वाढणे, दोन्ही आढळलेले आहे. औषध बदलले की थायरॉईडची तपासणी पुन्हा करावी. जेवणाचे नियमही बदलतात: इमॅटिनिब जेवणानंतर मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायचे, तर निलोटिनिबच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. ज्यांना पहाटेची वेळ जमत नाही त्यांना थायरॉक्सिन रात्री, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते. आपल्या डॉक्टरांना विचारून हा बदल करावा.

उपवासाबद्दल बायका हमखास विचारतात. थायरॉक्सिन उपवासाला बाधत नाही, ते उपाशीपोटीच घ्यायचे असते. इमॅटिनिब रिकाम्या पोटी घेतले तर उलटी होईल, म्हणून भगर, साबुदाणा, जे चालत असेल ते पोटभर खाऊन घ्यावे. निर्जळी उपवास या रुग्णांनी करू नये.

आपल्या भागात क्षयरोग पुष्कळ आहे, म्हणून एक इशारा देतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला इतके चेतवते की इमॅटिनिबची रक्तातील पातळी खाली येते आणि थायरॉक्सिनची गरज वाढते. दोन्ही औषधे एकदम तोकडी पडतात. क्षयरोगाचे उपचार सुरू होत असतील तर त्या केंद्रावर सीएमएलची फाईल दाखवावी आणि कर्करोगाच्या डॉक्टरांनाही कळवावे. कोणतेही औषध आपल्या मनाने थांबवू नये.

आणखी एक, तरुण स्त्रियांसाठी. इमॅटिनिब चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये, त्याने बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो; थायरॉक्सिन मात्र गरोदरपणात कधीही बंद करायचे नसते, उलट त्याचा डोस बहुधा वाढवावा लागतो. हे दोन नियम एकमेकांच्या उलट आहेत. घाबरून दोन्ही गोळ्या बंद केलेली गरोदर स्त्री माझ्यासमोर बसलेली आहे, म्हणून हे लिहिले. मूल हवे असेल तर आधी बोलावे, नंतर नाही.

आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत आणि त्यांपैकी अनेकांना हायड्रॉक्सियुरिया दिले जाते. सीएमएलमध्येही सुरुवातीला पेशी उतरवण्यासाठी हेच औषध काही दिवस देतात. औषध एकच दिसले म्हणून आजार एकच समजू नये आणि एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेऊ नयेत.

सातपुडा_पायथा:

मला कॉलेजात असताना हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, झाला होता. मानेतील गाठींवर केमोथेरपीनंतर किरणोपचार झाले. आजार पूर्ण बरा झाला, मी अचलपूरकडे परत आलो, दुकान सुरू केले, लग्न केले, आणि कर्करोगाचे प्रकरण संपले असे समजून चाललो होतो. बऱ्याच वर्षांनी वजन वाढू लागले, मन लागेना, हिशेबात चुका होऊ लागल्या. थायरॉईड मंदावलेले निघाले. मानेवर किरण घेतलेल्यांमध्ये हे वर्षांनंतरही होऊ शकते, त्यामुळे अशा रुग्णांनी आयुष्यभर दरवर्षी टीएसएच पाहावे आणि गळ्यात गाठ तर नाही ना हेही तपासून घ्यावे, असे मला सांगण्यात आले.

मॅडम, आपण इमॅटिनिबविषयी लिहिले आहे, माझे उपचार वेगळे होते. पण धाग्याच्या विषयात हेही बसते असे वाटले. लहानपणी किंवा तरुणपणी उपचार झालेली अशी माणसे गावोगावी आहेत. त्यांची फाईल माळ्यावर पडलेली असते आणि नव्या डॉक्टरांना ते जुना आजार सांगतही नाहीत, कारण सांगितले की लोक वेगळ्या नजरेने पाहतात. निदान डॉक्टरांना तरी सांगावे.

तूर_हरभरा:

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. माझ्या यजमानांना सीएमएल आहे, वय अजून चाळिशीच्या आत आहे. आम्ही वाशीम जिल्ह्यातले. ते सोयाबीनच्या सोंगणीपासून फार थकलेले आहेत. वावरात अर्धा तास काम केले की धुऱ्यावर बसतात. या महिन्यात त्यांनी कोणालाही न सांगता इमॅटिनिब बंद केले. म्हणतात, पेशी नॉर्मल आल्या आहेत, चेहराही पूर्वीपेक्षा उजळला आहे, म्हणजे आजार गेला. आता गोळीच मला खात आहे. सासरे म्हणतात, जडीबुटी देणाऱ्याकडे नेऊ. यजमानांना थायरॉईडचा त्रास नाही, पण लक्षणे मॅडमनी लिहिली तशीच वाटतात. मी काय करू?

काळी_माती:

ताई, आपण लिहिले हे फार चांगले केले. कृपया आजच, उद्यावर न टाकता, जेथे उपचार चालू आहेत तेथे फोन करून गोळी बंद असल्याचे सांगा. पुन्हा कशी सुरू करायची ते तेच सांगतील. यजमानांना रागावू नका. चांगला कमावता माणूस धुऱ्यावर बसतो तेव्हा त्याच्या मनाचे काय होते ते आपणा दोघांनाच ठाऊक. पण पांढऱ्या पेशी नॉर्मल येणे म्हणजे आजार मुळापासून गेला असे नाही, एवढे त्यांना समजावून सांगा. साध्या तपासणीत पेशी नीट दिसत असतानाही बीसीआर-एबीएल रक्तात शिल्लक असते. ते पाहायला आरटी-पीसीआर करतात. तीन महिन्यांत ते दहा टक्के किंवा त्याहून खाली आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत यावे, अशी अपेक्षा असते. गोळी मध्येच सोडली तर ते पुन्हा वाढते, आणि कधी कधी वाढताना असे रूप घेते की जुनी गोळी त्यावर चालत नाही. काही निवडक रुग्णांची गोळी थांबवतात हे खरे आहे, पण वर्षानुवर्षे अत्यंत कमी आकडा राहिल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वरचेवर तपासणी करून.

चेहरा उजळणे हा इमॅटिनिबचाच परिणाम आहे. त्वचेचा रंग फिका पडतो. माझ्याही बाबतीत गावातल्या बायका म्हणाल्या होत्या की बाई आता चांगल्या दिसतात. तो बरे होण्याचा पुरावा नव्हे.

जडीबुटीबद्दल सासऱ्यांचा मान राखून एवढेच सांगा की कोणत्या पाल्यात काय आहे आणि ते यकृतात या गोळीशी कसे वागेल, हे देणाऱ्यालाही माहीत नसते. थकव्याचे कारण शोधायला लावा, म्हणजे त्यांनाही वाटेल की आपले कोणी ऐकले. टीएसएचसोबत आणखी काय तपासावे ते डॉक्टरसाहेब सांगतील.

ग्रामीण_रुग्णालय:

हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, टीएसएच, बी१२, लोहाची पातळी, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि शेवटचे आरटी-पीसीआर होऊन तीन महिने झाले असतील तर तेही. आरटी-पीसीआरचा नमुना घेतल्यापासून शक्यतो ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, म्हणून शनिवारी तालुक्याला रक्त देऊन तो रविवारभर पडून राहील असे करू नये.

खर्चाचा विचार करून थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे; संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटावे.

वर्धा_नदीकाठ:

प्रवासाचे मी सांगतो. कर्करुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या भाड्यात १०० टक्के, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, आणि आमच्या वर्ध्याजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, अशी ठिकाणे आता विदर्भात आहेत. मुंबईला टाटा रुग्णालयात जावेच लागले तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. तेथे कर्करुग्ण व नातेवाइकांची सोय होते, आणि आपल्या भागातली माणसे तेथे नेहमी भेटतात.

तूर_हरभरा:

सर्वांचे आभार. मी फोन केला, त्यांनी बोलावून घेतले आणि गोळी पुन्हा सुरू झाली आहे. यजमान आधी बोलले नाहीत, पण आर्वीच्या दादांच्या आईने बांधलेल्या दोऱ्यांची गोष्ट मी वाचून दाखवली तेव्हा ऐकत बसले होते. टीएसएच नॉर्मल आले. हिमोग्लोबिन बरेच कमी आहे आणि बी१२ सुद्धा कमी आहे. आरटी-पीसीआरचा अहवाल यायचा आहे. म्हणजे थकवा थायरॉईडचा नव्हता. मी येथे उगीच सर्वांना त्रास दिला का, असे वाटते.

काळी_माती:

ताई, मुळीच नाही. थायरॉईड नाही हे कळणे हाही एक निकाल आहे, आणि कारण तर सापडले. बी१२ कमी असणे दुरुस्त करता येते. ज्या थकव्यापायी ते गोळी सोडायला निघाले होते त्याला आता नाव मिळाले आहे. हे त्यांना आवर्जून सांगा.

ग्रामीण_रुग्णालय:

बी१२ची इंजेक्शने गावच्या आरोग्य केंद्रातही घेता येतील, चिठ्ठी सोबत ठेवावी. हिमोग्लोबिन इमॅटिनिबमुळेही उतरते, त्यामुळे बी१२ भरून निघाल्यावर ते किती वर येते हे पाहूनच पुढचे ठरेल. तोपर्यंत लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत, आधी लोहाची पातळी पाहावी. मॅडम, आपल्यासाठी: लोह कधी सुरू झालेच तर ते दुपारी घ्यावे, पहाटेच्या थायरॉक्सिनपासून चार तास दूर. आणि इमॅटिनिबचा डोस कधीही बदलला, कमी झाला तरी, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे, कारण इमॅटिनिब उतरवले की वाढवलेले थायरॉक्सिन जास्त होऊ लागते आणि मग छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे सुरू होते. आरटी-पीसीआरचा अहवाल आला की ताईंनी तो आकडा येथे लिहावा.